कोरियाचा दाखला देताना

पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून 2025च्या जूनमध्ये महाराष्ट्रात वाद पेटला आणि 29 जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय रद्द केले. त्या दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव सारखं निघायचं. "तिला विचारा, ती कोरियात आहे. तिथे सगळं स्वतःच्या भाषेत चालतं, म्हणून तर ते एवढे पुढे गेले," असं काका लिहायचे. मी डेजॉनमध्ये पीएचडी करते. काकांचं म्हणणं खरं आहे, पण कोरियन भाषा इथे कशाच्या बळावर उभी आहे, ते त्यात येत नाही.

इथे कोरियन येत नसेल तर माणूस पावलोपावली अडतो. बँकेचं ॲप, दवाखान्यातला फॉर्म, वसतिगृहातल्या वॉशिंग मशीनची बटणं, कचरा वेगळा कसा करायचा याच्या सूचना, सगळं कोरियनमध्ये. रस्ता शोधायला गूगलचा नकाशा पुरत नाही, नेव्हर नावाचं इथलं ॲप वापरावं लागतं. लॅबमधलं सादरीकरण इंग्रजीत होतं, पण वाद रंगला की सगळे नकळत कोरियनवर येतात, आणि कुठला प्रयोग आधी घ्यायचा हे तर सरांसोबतच्या जेवणातच ठरून जातं. मला कोरियन येत नाही म्हणून कुणी कधी दटावलं नाही. भाषेवाचून कामच होत नव्हतं, म्हणून शिकले. मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही, कारण क्रियापद शेवटी येतं आणि वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत वेगळी असते हे आपल्या अंगवळणी पडलेलंच असतं. फक्त इथे एका वर्षाने मोठ्या असलेल्या सहकाऱ्याशीसुद्धा मानाने बोलावं लागतं, त्यामुळे पहिल्याच भेटीत जन्मसाल विचारतात.

विद्यापीठाचे आणि सरकारी कचेऱ्यांचे अर्ज अजूनही बऱ्याचदा 'हानगुल' नावाच्या, मजकूर लिहायच्या कोरियन सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये येतात. परदेशी विद्यार्थी या फाइलला वैतागतात. मीही वैतागायचे, मग तिचा इतिहास वाचला. हे सॉफ्टवेअर 1989 मध्ये आलं. 1998 मध्ये, आशियातल्या आर्थिक संकटात, ते बनवणारी हानकॉम कंपनी बुडायला आली. मायक्रोसॉफ्ट पैसे गुंतवायला तयार होती, अट एकच, हानगुलचं काम बंद करायचं. लोकांनी ते होऊ दिलं नाही. देशभर मोहीम उभी राहिली, दुसरीकडून पैसा उभा झाला आणि कंपनीने करार मोडला. त्याच वर्षी 15 ऑगस्टच्या, म्हणजे त्यांच्या मुक्तिदिनाच्या नावाने स्वस्त आवृत्ती काढली, ती लोकांनी विकत घेतली. यामागे जुनी जखम आहे. 1942 मध्ये जपानी राजवटीने कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या अभ्यासकांना तुरुंगात टाकलं होतं आणि त्यातल्या दोघांचा तुरुंगातच मृत्यू झाला. भाषेसाठी खिशात हात घालणारा समाज मला यात दिसतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही आनंदाने स्टेटस ठेवलं होतं. पण मराठीतलं एखादं ॲप, एखादं विज्ञानाचं पुस्तक आपण पैसे मोजून शेवटचं कधी घेतलं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

2025च्या जुलैच्या सुरुवातीला मीरा रोडचा व्हिडिओ आला. मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण होत होती. तो बघताना मला फार वाईट वाटलं, कारण इथे मीच ती भाषा न येणारी बाहेरची बाई आहे. आणि कोरियाने मला काय दिलं? 2009 पासून इथलं न्याय मंत्रालय परदेशी लोकांसाठी कोरियन भाषेचे वर्ग चालवतं. अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात, पुढे एकेका पातळीला शंभर-शंभर तास, वर्ग संध्याकाळी किंवा शनिवारी-रविवारी, आणि खर्च नाममात्र. लग्न होऊन आलेल्या व्हिएतनामी बायका, कारखान्यातले नेपाळी कामगार आणि आम्ही विद्यार्थी एकाच बाकावर बसतो. वर्ग पुरे केले की व्हिसाच्या वेळी त्यांचा फायदा होतो. कारखान्यात येणाऱ्या कामगाराला तर मायदेशीच कोरियनची परीक्षा द्यावी लागते. मराठी आलीच पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. पण दिवसभर रिक्षा चालवून मराठी शिकू पाहणाऱ्या माणसाला आपण कुठल्या वर्गाचा पत्ता देणार?

काकांना आणखी एक सांगायचं आहे. कोरियन लोक इंग्रजीला कमी लेखत नाहीत. नोव्हेंबरातल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग असतो, तेव्हा देशभरात विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. इंग्रजी बालवाड्यांसाठी आईबाप भरमसाट फी भरतात. पण तीच परीक्षा देणारा मुलगा गणित आणि भौतिकशास्त्र कोरियनमध्ये शिकलेला असतो, आणि तेवढ्यावर त्याला मागासलेला कुणी म्हणत नाही. आपल्याकडे नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, तरी ती घेणारी मुलं फार थोडी, कारण तयारीचे क्लास आणि पुढचं कॉलेज इंग्रजीत.

कोरियाची एक गोष्ट मात्र आपण मुळीच घेऊ नये. जेजू बेटाची स्वतःची भाषा आहे, सोलच्या माणसाला ती समजत नाही. शाळेने आणि टीव्हीने प्रमाण कोरियन घरोघर नेली, आणि 2010 मध्ये युनेस्कोने जेजूच्या भाषेची नोंद अत्यंत धोक्यात आलेली म्हणून केली. मराठी वाचवताना अहिराणीची, कोरकूची आणि गोंडीची तीच गत झाली तर ते मराठीचं यश मला मान्य नाही.

महापालिकांच्या कितीतरी मराठी शाळांचे वर्ग आज पटाअभावी रिकामे आहेत. ठाणे, पिंपरी, नाशिकमधल्या अशा वर्गांत संध्याकाळी सात ते नऊ मराठी शिकवा. शिक्षकाला नीट पगार द्या, परीक्षा घ्या, दाखला द्या, आणि रिक्षाचा परवाना, बँकेतली बदली, सोसायटीतली सुरक्षारक्षकाची नोकरी अशा ठिकाणी तो दाखला मोलाचा ठरू द्या. पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा असा एखादा वर्ग सुरू झालेला असेल, तर तिथे शिकवायला मी तयार आहे.