ब्लिट्झ केला तरच मर्दुमकी?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मागे थांबून बचाव करणं म्हणजे भित्रेपणा, सरसकट ब्लिट्झच करावा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बचावपटू क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्यावर) सोडावेत, असं मूळ लेखाचे लेखक म्हणतात. मग 2018 चा मिशिगन-ओहायो स्टेट सामना कुठे बसवायचा? बचाव-प्रशिक्षक डॉन ब्राउन यांचा मिशिगनचा बचाव तोवर देशातल्या अव्वल बचावांत गणला जात होता. खाक्या एकच: क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायची आणि मागे ज्याने त्याने आपला माणूस धरायचा. ओहायो स्टेटने रिसीव्हर (पास झेलणारे) आडवे पळवले, झटपट छोटे पास टाकले आणि 62-39 असा धुव्वा उडवला. ब्लिट्झवाले पोचेपर्यंत चेंडू हातातून गेलेला असायचा. पुढच्या वर्षी पुन्हा 56 गुण खाल्ले!

उलट आयोवाचे बचाव-प्रशिक्षक फिल पार्कर बघा. बहुतेक वेळा चौघेच पुढे, बाकीचे झोनमध्ये, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा आपापला भाग राखत, नजर क्वार्टरबॅकवर. बघायला कंटाळवाणं, मान्य. पण 2021 मध्ये 25 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचे मध्येच पकडलेले पास), देशात सर्वाधिक. (त्यांच्या आक्रमणाबद्दल न बोललेलंच बरं.) याला भित्रं कसं म्हणायचं?

हां, आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत तिघांनाच पुढे पाठवून क्वार्टरबॅकला निवांत उभं राहू देतात, त्यावर मात्र मीही लेखकांइतकाच चिडतो.