दोनशे पानं झाली, हात नाही धरला म्हणे!

आज वाचनालयातल्या चर्चेतून डोकं तापवून आलेय, म्हणून हे लिहितेय. कादंबरी तुम्ही सगळ्यांनी वाचलीय, नाव परत देत नाही. बेळगावात चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये चढलेले दोघं अनोळखी आणि बेंगळुरूपर्यंतची एक रात्र. त्यावर एक काका म्हणाले, "दोनशे पानं झाली, अजून हातसुद्धा धरला नाही. ह्यात प्रेम कुठाय?" अख्खी खोली हसली.

काका, आरएसीच्या, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायच्या तिकिटावर कधी रात्र काढलीय का? खिडकीकडचा एक साइड लोअर बर्थ, माणसं दोन. ह्या दोघांसारखं तेवीस नंबरवर समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो. पाय आधी कुणी मागं घ्यायचे, बॅग मांडीवर की सीटखाली, पाठी पाडून सपाट केलं तर मधली फट कुणाच्या कंबरेत रुतणार, सगळं ठरवावं लागतं. तेही नाव विचारायच्या आधी! बागेतल्या बाकावर लेखकाला ही जवळीक ओढूनताणून आणावी लागते. इथं रेल्वेनंच ती करून ठेवलीय, लेखिकेनं नेमकी उचलली.

हुबळीनंतरचं पान काढा. टीसी येतो. आरएसीत तिचा नंबर आधीचा, म्हणून रिकामा राहिलेला बर्थ पहिल्यांदा तिला. दोन डबे पुढं. ती गेली तर इकडं त्यालाही अख्खी साइड लोअर, म्हणजे दोघांनाही झोप. आणि ती म्हणते, "राहू दे, पुढच्या नंबराला द्या." टीसी पुढं सरकतो. तो खिडकीबाहेर बघत राहतो. झालं! हे वाचून ज्याला काही वाटलं नाही, त्याला हात धरून तरी काय दाखवायचं?

बरं, भाषा तरी बघायची. तो धारवाडकडचा कानडी, ती बेळगावातल्या शहापूरची मराठी. खानापूरला तो बाटली पुढं करतो, "नीर बेकेन्री?" म्हणजे पाणी हवं का हो? ती म्हणते, "तुम्ही घेतलासा?" दावणगेरे गेल्यावर तीच बाटली, तोच प्रश्न, खरं आता "नीर बेकेन?" आणि तिचं उत्तर, "तू घेतलास?" त्याचा आदराचा 'री' गळला, तिच्या 'सा'चा 'स' झाला. हात धरण्यापेक्षा हे मोठं नाही का हो? पुण्यामुंबईच्या वाचकाला नाही कळणार एखादवेळेस, खरं बेळगावच्या माणसाला कळू नये?

वर कुणीतरी विचारलंच, "नायक कानडीच कशाला?" सीमावादाचं 1956 पासूनचं दुखणं आहे, मान्य. ते मी नाकारत नाही. खरं भाजीला गेलं की, बसमध्ये चढलं की, दवाखान्यात नंबर लावला की दिवसभर दोन्ही भाषा आपल्याच तोंडात असतात की! "बर्री, कूड्री" (या, बसा) म्हणताना टोचत नाही, ते पुस्तकात छापलं की टोचतंय?

जाऊ दे. इतकं तोडून लिहायला नको होतं, काका काय वाईट माणूस नव्हे.

आणि चुका आहेतच. लोंढा सुटल्यावर लेखिकेनं दूधसागर घुसडलाय! अहो, ही गाडी लोंढ्याहून अळणावर, धारवाड, हुबळी अशी जाते. दूधसागर कॅसलरॉक उतरून कुळ्याकडं जाणाऱ्या गोव्याच्या लाइनवर. शिवाय रात्रीच्या काळोखात धबधबा दिसला कसा, ते वेगळंच. तिच्या मोडलेल्या लग्नाची मधली पानं तर मीही भराभर उलटली. तिथं गाडी हलतच नाही, नुसती माहिती.

तेव्हा काका, रागावू नका. हात राहू दे बाजूला, दुसऱ्यांदा वाचताना नुसत्या 'री' मोजा. खानापूरपासून सुरू करा.