सरपंचपतीचा दोष बाईच्या माथी कशाला?

सरपंचपदाची सोडत निघाली की एक मेसेज हमखास फिरतो. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याला. बायकांना पंचायतीतलं कळत नाही, गावाचा विकास थांबतो. लायक बाई आरक्षणाशिवायही निवडून येईल. 50 टक्के आरक्षण रद्द करा.’ परवा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर पडला, म्हणून हे लिहायला बसलो.

‘कारभार नवऱ्याला’ हे खोटं नाही. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवकाच्या (आता ग्रामपंचायत अधिकारी) डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत, आणि बाईच्या सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल नवऱ्याच्या खिशातून निघताना मी पाहिलाय. पण वसुलीची नोटीस आली तर ती बाईच्याच नावाने येणार. मग डोंगल खिशात घालणाऱ्याला जाब विचारायचा सोडून बाईचीच खुर्ची काढायची, हा कुठला न्याय? पुढाऱ्याच्या वाड्यावर विचारल्याशिवाय सही न करणारे पुरुष सरपंच काय कमी झाले? त्यांच्यापायी पुरुषांना उभं राहायला बंदी घाला, असं कोणी म्हटलं नाही.

‘कळत नाही.’ माझी चुलती 2012 साली सदस्य झाली. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगच्या ठरावांची वही, घरी आणायचा, ती पिठाचे हात धुऊन दाखवलेल्या जागी सही करायची. एकदा तिने बुक ठेवूनच घेतलं. रात्री नातवाकडून वाचून घेतलं, तर त्यात हापसा दुरुस्तीचा खर्च. हापसा तोच, जो बंद म्हणून ती रोज लांबून पाणी आणत होती. सकाळी बुक सहीविना परत गेलं. पुढच्या मीटिंगचा निरोप मग तिला आधी मिळाला.

आणि ज्यांना कळतं त्यांचं काय होतं तेही बघा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला, सासूच्या सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून अपात्र ठरवलं. आपण नवऱ्या-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे ती सांगत होती. हायकोर्टातही तिचं काही चाललं नाही. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला पद परत दिलं, आणि बाईने निर्णय घ्यावेत हेच गावकऱ्यांना सहन झालं नाही, अशा आशयाचे ताशेरे ओढले.

विकास थांबतो म्हणे. राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या पंचायतींचा एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी केलेला अभ्यास 2004 साली छापून आला. सरपंचपद महिलेला राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं आढळलं. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो?

राहिला ‘आरक्षणाशिवायही’चा मुद्दा. 1989 साली जळगावच्याच विटनेरला बायकांचं पॅनेल निवडून आलं होतं, पंचायतीत बायकांना आरक्षण देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीच्याही आधी. पण त्यामागे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीची चळवळ उभी होती. प्रत्येक वाडीत चळवळ कुठून आणणार? उलट पश्चिम बंगालमध्ये असं दिसलं की जिथे पद लागोपाठ दोनदा महिलेला राखीव राहिलं, तिथे पुढे खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. आपल्याकडे पाच वर्षांत बाई जरा रुळते, तोवर सोडतीत जागा बदलते.

मेसेज टाकणाऱ्या आमच्या भाऊंची बायको सध्या पंचायत सदस्य आहे. सदस्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या नावापुढे नंबर मात्र भाऊंचाच आहे.