नानांची सुरी आणि आमचा चातुर्मास

श्रावणाच्या पहिल्याच संध्याकाळी नाना आमच्या दारात उभे. बाहेर धो धो पाऊस, चष्म्यावर थेंब, हातात जुन्या बनियनची गुंडाळी. "धर," म्हणाले. मी हात पुढे केला तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "हातात घेऊ नकोस रे! धारेची वस्तू हातोहात घेतली की भांडणं होतात. खाली ठेवा हो नाना." गुंडाळीत काय आहे हे तिनं पाहिलेलं नव्हतं. पण नानांच्या हातून आजवर आमच्या घरी बिनधारेचं काही आलेलं नाही.

नाना अंबडच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टूलरूममध्ये होते. रिटायर झाल्यावर लोक ज्येष्ठ नागरिक संघात जातात, हास्यक्लबात जातात. हे गेले गॅरेजवाल्याकडे आणि ट्रकचा तुटका कमानपाटा खांद्यावर टाकून घरी आले. तेव्हापासून सुऱ्या. पाटा कापायचा, भट्टीत तापवायचा, लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून जरासा तापवून तेलात बुडवायचा. तेवढ्यानं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून मग ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास भाजायचं, तेही दोनदा, गव्हाळ रंग येईपर्यंत. ओव्हन सूनबाईंचा. त्यातल्या नानकटाईला अजून गिअरबॉक्सचा वास येतो.

बनियन उलगडलं. साडेतीन इंचांचं पातं, पोट पुढे आलेलं, टोक किंचित खाली झुकलेलं. पाठीवर हातोडीचे काळसर ठसे तसेच ठेवलेले. मूठ बाभळीची, दोन पितळी खिळ्यांनी बसवलेली आणि इतकी चकचकीत, की तीत मला माझा चेहरा दिसला. जरा लांबट दिसला.

"ही स्किनर," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"जनावराचं कातडं सोलायची. टोक खाली का आहे? आत घुसून कातडं फाटू नये म्हणून. आणि काम सगळं पोटावर."

आत आई दुसऱ्या दिवशीच्या उपासासाठी साबुदाणा भिजत घालत होती.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. आयुष्यात मी सोललेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे फणस, आणि तोही अर्धा शेजाऱ्यांनी सोलला. मग मलाच का? तर नानांचं म्हणणं असं, की बाकी सगळे 'वा नाना' म्हणून मोकळे होतात. "मला वा नको, रिपोर्ट पाहिजे. तुझं कामच खोट काढायचं." असं म्हणून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पट्टीनं आखलेले चार रकाने: धार, पकड, तोल, गंज.

आता आमच्या घरची अडचण सांगतो. श्रावण लागला की आमच्याकडे मटण जे बंद होतं, ते दसऱ्यापर्यंत. श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. मधे चुकून दोन-चार दिवस मोकळे सापडलेच, तर आई ते संकष्टी-एकादशी घालून बुजवते. बरं, नानांनी ही सुरी एक दिवस आधी आणली असती तर? आदल्या दिवशी गटारी होती. अख्खं नाशिक पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभं होतं. तसं मी नानांना म्हटलंही. ते म्हणाले, "काल मुठीचं व्हार्निश ओलं होतं."

आणि दर रविवारी सकाळी नऊला फोन सुरू झाला. "केलीस का टेस्ट?"

पहिल्या रविवारी मी डाव्या मनगटावरचे केस काढून पाहिले. अलगद निघाले, साबण नाही की पाणी नाही. दुसऱ्या रविवारी त्याच्या वरचे. तिसऱ्या रविवारी कोपरापर्यंत रान साफ झालं आणि ऑफिसात लोक हळू आवाजात विचारू लागले, ऑपरेशन कसलं होतं.

मग गिरणाऱ्याचे टोमॅटो आणले. एक टोमॅटो हातात धरून त्याचं साल काढायला बसलो. तीन वेळा श्वास रोखला. साल इतकं पातळ निघालं की पेपरावर ठेवलं तर खालचं राशिभविष्य वाचता आलं. (माझी रास: शस्त्रापासून जपा.) मोठ्या उत्साहात फोन केला. नाना थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "टोमॅटोच्या अंगाला चरबी असते का रे?"

लिंबू कापलं तर पातं निळं-काळं पडलं. हे पोलाद म्हणजे स्टेनलेस नव्हे, आंबट लागलं की रंग बदलायचं. ती फोड आईच्या वरणात गेली. एक घास घेऊन ती म्हणाली, "लिंबू कळकलंय. कशानं कापलंस?" मी म्हटलं, "नानांनी फळांची सुरी दिलीय ना, तिनं." एवढ्यात रविवारचे नऊ वाजले. फोन स्पीकरवर होता. "शेळी मिळाली का रे?" नानांनी विचारलं.

त्या दिवशी सुरी स्वयंपाकघरातून हद्दपार झाली आणि चपलांच्या कपाटावर जाऊन बसली. तिथे ओल. नाशिकचा भाद्रपदातला पाऊस तो, भिंतीही घामेजतात. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो, आज गुडघ्याला लागलं, आज कमरेला लागलं. मी तसं रोज सुरीकडे बघून सांगायला लागलो: आज टोकाला लागला, आज पोटाला लागला. गंजाचा रकाना तेवढा भराभर भरला. नाना धावत आले, मऊ पावडरीनं पातं घासलं आणि म्हणाले, "वापरलीस की पूस आणि खोबरेल लाव. तुझ्या डोक्याला लागतं त्याहून जरा जास्त." माझ्या डोक्याला हल्ली काहीच लागत नाही, हे त्यांना दिसत होतं.

खंडेनवमीला मात्र आईनंच ती आत आणली. पाटावर विळी, अडकित्ता, माझा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली आणि शेवटी स्किनर. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल. विळीशेजारी तिला ठेवताना आईनं मधे वीतभर अंतर सोडलं होतं.

दसऱ्यानंतरचा रविवार. सुरी डब्याच्या पिशवीत घेऊन मी आणि नाना स्कूटरवरून जुन्या नाशकात निघालो. वाटेत पोलीस दिसले की माझ्या पोटात गोळा येई. नाना मागून कानात सांगत होते की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलं तरच परवान्याचा प्रश्न येतो, आणि घरकामाच्या-शेतीच्या हत्यारांना तोही नाही. विश्वास नसेल तर मोजून दाखवायला त्यांनी खिशात स्टीलची पट्टी आणली होती. सुरीहून तीच जास्त लांब होती.

दुकानात ही गर्दी. खाटीक मान वर न करता म्हणाला, "किती देऊ भाऊ?"

"मटण नंतर. आधी जरा ही सुरी..."

मागच्या रांगेतून सूचना येऊ लागल्या. नाना कमानपाट्यापासून सुरुवात करून ओव्हनपर्यंत पोचले तोवर खाटकानं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं होतं. मागे एक बोकड टांगलेला होता, अजून कातड्यासकट. त्यानं मागच्या पायावर आतल्या बाजूनं एक चीर दिली, दुसऱ्या पायावर दुसरी. आवाज नाही, झटका नाही. कातडं पाकिटासारखं उघडलं. नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. केस उगवून आलेलंच.

आणि मग त्या माणसानं सुरी बाजूला ठेवली. उजव्या हाताची मूठ वळली, कातडं आणि मांस यांच्या मधे घातली आणि ढकलत ढकलत खाली आणली. पाठीवरून, बरगड्यांवरून. अंगातला सदरा काढावा तसं कातडं उतरत गेलं.

"सुरी?" नानांचा आवाज बसला होता.

"चिरायला सुरी. सोलायला मूठ. पात्यानं सोलायला गेलं की भोक पडतं, आणि भोकाच्या कातड्याला कोण भाव देतो?"

"पण धार?"

"धार एक नंबर." मग त्यानं चरबीनं माखलेल्या हातात सुरी पुन्हा धरली. ती साबणाच्या वडीसारखी सुळकन पुढे सरकली. "पण नाना, मूठ एवढी गुळगुळीत कशाला? शोकेसात ठेवायचीय का?"

नानांनी खिशातून तो कागद काढला. पकड या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: उत्तम. खाली सही, तारीख. ते कागदाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे. माझ्या हातांना टोमॅटोच्या रसापलीकडे काही लागलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एक क्लेम असा चुकलेला नाही.

अर्धा किलो मटण घेऊन आम्ही परतलो. सुरी नाना घेऊन गेले. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, रविवारचा फोन बंद होता आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. एका संध्याकाळी तो वाजला.

"व्हार्निश खरवडलं. मुठीवर तिरप्या रेघा मारल्या. आता तेलात बुडवलीस तरी हातातून हलायची नाही. उद्या आणून देतो."

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. उद्या मार्गशीर्ष लागत होता. आत आई गुरुवारच्या घटासाठी नारळ सांगत होती, दोन सांगत होती, एखादा नासका निघाला तर म्हणून.

"नाना," मी म्हटलं.

"बोल."

"काही नाही. या."

"कागद नवीन आखू, की जुन्यावरच खाडाखोड करतोस?"