"पायऱ्या ओळीने लावा, बाकी खुलं सोडा": हा सल्ला कुठे फसतो

उत्पादनाचं वर्कफ्लो सॉफ्टवेअर (माल कुठल्या पायरीवर आहे ते सांभाळणारं) लावायला घेतलं की एक सल्ला हमखास कानावर येतो: "पायऱ्या ओळीने टाका. एक संपली की पुढची आपोआप सुरू होऊ द्या. चुकलं तर 'मागे' बटण आहेच. कोणालाही कुठूनही कुठेही नेता येऊ द्या. नियम काय, नंतर घालता येतात." ऐकायला सुटसुटीत आहे, आणि पहिला आठवडा निभावतोही. नंतर काय होतं ते एकेक वाक्य घेऊन पाहू. उदाहरणाला शाफ्टचा ५०० नगांचा लॉट: टर्निंग (लेथवर कातणं), की-वेचं मिलिंग (चावीची खाच पाडणं), हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणं), ग्राइंडिंग (घासून नेमका व्यास आणणं), शेवटची तपासणी.

"पायऱ्या ओळीने टाका."

क्रम खरा आहे, पण अख्खा लॉट कायम एकाच पायरीवर असतो हे गृहीतक खोटं आहे. टर्निंग आणि मिलिंगला नगामागे एकेक मिनिट धरा. ५०० नग पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी उघडत नसेल तर दोन्ही ऑपरेशनना मिळून १००० मिनिटं लागतात. शंभर-शंभर नग पुढे सरकवले तर ६००. म्हणजे टर्निंगमधून बाहेर पडणारं ट्रान्झिशन (एका पायरीवरून दुसरीवर नेणारा बाण) अर्धवट संख्येला परवानगी देणारं हवं: पुढे गेलेल्या नगांचा उपलॉट तयार होतो, मूळ लॉटचा क्रमांक त्याला चिकटलेला राहतो. भट्टीचं मात्र उलट. तिथे भरण ठरलेलं असतं, त्यामुळे उपलॉट एकत्र येईपर्यंत दार बंदच बरं. एकाच ओळीतल्या दोन बाणांना दोन वेगळे नियम लागले, ते इथेच.

समांतर शाखा असतील, म्हणजे वेगवेगळे भाग एकाच वेळी बनून पुढे एकत्र येत असतील, तर त्या जोडाच्या जागी "सगळ्या आल्या की" आणि "कुठलीही एक आली की" यातला पर्याय नीट बघून निवडा. दुसरा चुकून लागला तर निम्मेच भाग हातात असताना असेंब्ली उघडते. पहिला लावला आणि एखादी शाखा त्या ऑर्डरला लागूच नसेल, तर लॉट कधीच न येणाऱ्या भागाची वाट पाहत बसतो. वगळलेल्या शाखेला "लागू नाही" अशी स्थिती द्या आणि जोडाला ती पूर्ण धरायला सांगा.

"पुढची आपोआप सुरू होऊ द्या."

आपोआप "तयार" होऊ द्या, "सुरू" नको. लॉट मिलिंगसमोर चार तास पडून राहिला आणि सॉफ्टवेअरने तो आल्याबरोबर घड्याळ चालू केलं, तर ते चार तास मशीनच्या वेळेत धरले जातात. पुढच्या महिन्याचं नियोजन त्याच आकड्यांवर होतं. मग मशीन कमी पडतं म्हणून ओरड सुरू होते, आणि मशीन तर रिकामं असतं. "चालू" हे ऑपरेटरच्या स्कॅननेच व्हावं.

स्कॅनवरून आणखी एक. नेटवर्क मंद असलं की माणूस बारकोड दोनदा मारतो. ट्रान्झिशन नुसतं "पुढची पायरी" असं लिहिलेलं असेल तर लॉट दोन पायऱ्या उडी मारतो: मिलिंग न होताच हीट ट्रीटमेंटला. म्हणून स्कॅनवरून सर्व्हरला जाणाऱ्या विनंतीतच "टर्निंगवरून मिलिंगकडे" असं दोन्ही टोकांसह जावं. लॉट त्या क्षणी टर्निंगवर नसेल तर सर्व्हरने ती नाकारावी. स्थिती बदलणं आणि साठ्याची नोंद एकाच व्यवहारात व्हायला हवी, म्हणजे झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. लेबलची छपाई, मेल वगैरे त्यानंतर. लेबल आधी छापलं आणि नोंद अडकली तर शॉपफ्लोअरवर नोंद नसलेलं लेबलच फिरत राहतं.

"चुकलं तर 'मागे' बटण आहेच."

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. तपासणीत ५०० पैकी ४७० पास, ३० नापास. त्यातल्या १८ नगांचा व्यास जास्त भरला, ते पुन्हा ग्राइंडिंगला जातील. ९ नगांचा कमी भरला, ग्राइंडिंगने व्यास परत वाढत नाही, ते स्क्रॅप. उरलेल्या ३ नगांवर की-वेच पाडायची राहिली आहे. त्यांना "मागे" मिलिंगवर ढकलाल, तर तिथला नेहमीचा कटर कडक झालेल्या पोलादापुढे टिकणार नाही. त्यांचा मार्ग प्रोसेस इंजिनिअरने ठरवायचा: वायरकट (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं), किंवा कटरचीच वेगळी सोय.

एकाच "नापास"मधून तीन बाण निघाले, प्रत्येकाचा अधिकार वेगळा. शिवाय दाराशी बेरीज तपासा: पास, रीवर्क (पुन्हा काम करायचे), स्क्रॅप आणि अजून तपासायचे मिळून आलेल्या संख्येइतके झालेच पाहिजेत. कारण सक्तीचं, तेही यादीतून निवडायचं. मोकळी चौकट दिली की तिथे एक टिंब टाइप होतं. रीवर्कला गेलेल्या नगांची पुढची मंजुरी आपोआप रद्द व्हावी, नाहीतर जुन्या सहीवर माल डिस्पॅचला जातो. आणि फेरी क्रमांकानिशी नोंद ठेवा. पायरी नुसती "अपूर्ण" करून पुन्हा "पूर्ण" केली तर पहिल्याच फेरीत किती नग पास झाले हा आकडा कायमचा गेला.

"कोणालाही कुठेही नेता येऊ द्या."

यात थोडं तथ्य आहे. फार आवळलं की माणसं कागदावर काम करतात आणि शिफ्ट संपताना सगळं एकदम स्कॅन करतात. आठ लॉट पाच मिनिटांत तीन-तीन पायऱ्या ओलांडताना दिसले की समजा, हेच चाललंय. पण त्यावर सगळी दारं उघडणं हा उपाय नव्हे. कुठूनही जाता येईल अशी एकच जागा ठेवा, "होल्ड", आणि लॉट जिथून आला ती पायरी जपून ठेवा, म्हणजे तो तिथेच परतेल. तपासणी पास करणारा आणि ग्राइंडिंग करणारा एकच लॉगिन नसावा, एवढं तरी सॉफ्टवेअरने अडवलंच पाहिजे.

"नियम नंतर घालता येतात."

घालता येतात, पण तेव्हा लॉट वाटेत असतात. काढून टाकलेल्या पायरीवर उभा असलेला लॉट कुठल्याच यादीत दिसत नाही. नवीन सक्तीची चौकट टाकली की ती रिकामी असलेले जुने लॉट पुढच्या दाराशी अडकतात. वर्कफ्लोला आवृत्ती क्रमांक द्या. सुरू झालेले लॉट जुन्या आवृत्तीवर संपवा, किंवा जुनी पायरी नव्या कुठल्या पायरीत बसते याचा तक्ता आधी करा. सुरू करण्यापूर्वी तीन खोटे लॉट फिरवा: एक सरळ, एक तुकड्यातुकड्यांनी, एक दोनदा रीवर्क झालेला. हे ऑपरेटरच्या लॉगिनने करा. बऱ्याच ठिकाणी ॲडमिनला नियम लागूच होत नाहीत, त्यामुळे त्याच्या स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं.