रिपोर्टच्या तळाशी लिहिलेली ती ओळ

ताईचा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, रिपोर्ट 'नॉर्मल' आला त्या संध्याकाळी दाजींनी घरी येताना पेढे आणले होते. सात महिन्यांनी आंघोळ करताना तिच्या हाताला काखेच्या बाजूला गाठ लागली. मला फोन केला तर मी म्हणाले, "अगं, आत्ताच तर तपासणी झाली ना? नॉर्मल होती. काही नसेल." त्या माझ्या बोलण्यावर तिने आणखी तीन महिने काढले. हे मला अजून सलतं.

सर्जननी जुनी फाईल मागितली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तोच रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. इंग्रजीत लिहिलं होतं की स्तन दाट आहेत, प्रकार सी, लहान गाठ झाकली जाऊ शकते. ती ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नव्हती. काउंटरवरच्या मुलीने "नॉर्मल आहे काकू" म्हणून पाकीट हातात दिलं होतं, आणि आम्ही 'नॉर्मल'च्या पुढे वाचलंच नाही.

मग त्यांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. छातीत चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. चरबी फिल्मवर काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. अडचण ही की गाठही पांढरीच दिसते. तांदूळ निवडताना काळा खडा लांबूनही दिसतो, पांढरा खडा मात्र दाताखाली आल्यावरच कळतो. ताईच्या फिल्मचा बराचसा भाग दुधासारखा पांढरा होता. चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त, म्हणजेच स्तन दाट.

या दाटपणाचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार असतात. सी आणि डी म्हणजे दाट. मॅमोग्राफी करणाऱ्या चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायका या दोन प्रकारांत येतात, तेव्हा हा काही आजार नव्हे. पण दाट स्तनांत गाठ लपते आणि कॅन्सरचा धोकाही थोडा जास्त असतो. आणखी एक गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. हाताला छाती घट्ट लागते की मऊ, यावरून हे कळत नाही. ते फिल्मवरच दिसतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या नॅन्सी कपेलो यांच्या बाबतीत हेच झालं. वर्षानुवर्षं रिपोर्ट नॉर्मल, आणि २००४ मध्ये डॉक्टरांच्या हाताला काहीतरी लागलं. पुन्हा मॅमोग्राफी केली, त्यात काहीच दिसलं नाही. सोनोग्राफीत गाठ दिसली, तोवर आजार तिसऱ्या टप्प्यात गेला होता. दाट स्तनांबद्दल आपल्याला कुणी सांगितलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे २००९ मध्ये त्यांच्या राज्यात कायदा झाला की बाईला तिचे स्तन दाट आहेत का हे सांगितलंच पाहिजे. त्या २०१८ मध्ये गेल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून हा नियम तिथे देशभर लागू झाला आहे, आणि माहिती सोप्या भाषेत द्यायची असाही दंडक आहे. आपल्याकडे सोप्या मराठीत दोन ओळी छापायला असा काय खर्च येतो?

कुणी म्हणेल, आपल्याकडे मॅमोग्राफीच किती बायकांची होते! खरं आहे. म्हणूनच मला टाटा हॉस्पिटलच्या कामाचं मोल वाटतं. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांना घेऊन त्यांनी अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही. आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात होतो, ज्या वयात स्तन जास्त दाट असतात. या बायकांसाठी काय करायचं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

सोनोग्राफीचं मशीन आता तालुक्याच्या गावीही असतं. 'सी' किंवा 'डी' लिहिलं असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारायचं, "मला सोनोग्राफीची गरज आहे का?" नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तन असलेल्या बायकांना जादा एमआरआय देऊ केला, तेव्हा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. एमआरआय सगळ्यांना परवडणार नाही, हे मलाही कळतं. जादा तपासणीत उगाच घाबरायची वेळही येते. माझ्या शेजारणीची सुई घालून तपासणी झाली आणि काहीच निघालं नाही. चार रात्री ती झोपली नव्हती. तरीही ती म्हणते, बरं झालं केली. मॅमोग्राफीही सोडायची नाही हं, काही खुणा तिच्यातच दिसतात. आणि हाताला गाठ लागली तर कालचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी आज दाखवायचं. माझ्यासारखं "काही नसेल" म्हणायचं नाही.

ताईचं ऑपरेशन झालं, किमो झाले, केस परत आले. पहिल्यापेक्षा कुरळे आलेत. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजतो, कणीक मळायला आता दाजी बसतात.

येत्या नवरात्रात आमच्या गल्लीत बायकांच्या तपासणीचं शिबिर आहे. आम्ही दोघी तिथे टेबल टाकून बसणार आहोत. घरात जुने रिपोर्ट असतील ते घेऊन या. दाटपणाचं काय लिहिलंय ते मराठीत वाचून सांगू, आणि पुढे काय ते डॉक्टरबाईंना तिथेच विचारू.