‘रिअल रॉक’वरची गाणी चोरीची नाहीत

सध्या एक चित्रफीत फिरते आहे. त्यात जमैकाचा रेगे गायक विली विल्यम्सचं ‘आर्मागिडियन टाइम’ आणि तिथल्याच मिशिगन अँड स्मायली या जोडीचं ‘नाइस अप द डान्स’ एकामागोमाग वाजवून “बघा, सरळ चोरी!” असं म्हटलंय. हे साफ चुकीचं आहे.

दोन्ही गाण्यांखालचं संगीत एकच आहे, हे खरं. पण ते कुणी कुणाचं ढापलेलं नाही. ते ‘रिअल रॉक’ नावाचं रिडिम आहे. जमैकातल्या किंगस्टनच्या स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ते निव्वळ वाद्यसंगीत म्हणून ध्वनिमुद्रित केलं. बऱ्याच वर्षांनंतर त्याच स्टुडिओने आधी विल्यम्सला आणि मग मिशिगन-स्मायलीच्या जोडीला त्यावर गायला उभं केलं.

जमैकात रिडिम म्हणजे बेस आणि ड्रम्सचा पाया. शब्द आणि गाण्याची चाल ज्याची त्याची. हेडफोन लावून फक्त बेस ऐका: मोजके सूर, मग मोकळी जागा, पुन्हा तेच सूर. त्या मोकळ्या जागेत विल्यम्स उपाशी माणसांबद्दल गातो, तर मिशिगन आणि स्मायली नाचाची मैफल रंगवतात. ही दोन वेगळी गाणी आहेत, आणि मला दोन्ही जिवापाड आवडतात.

द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचं 1979चं ‘आर्मागिडियन टाइम’ मात्र रिडिमवरचं नवं गाणं नव्हे. त्यांनी विल्यम्सचंच गाणं स्वतः वाजवून गायलंय.

अन्याय शोधायचाच असेल तर तो वादकांच्या वाट्याला पाहा. त्या काळी जमैकात त्यांना बहुधा ठरलेली बिदागी मिळे, पुढच्या विक्रीतला वाटा नाही.